शेवटच्या फेरीची सुनावणी

आमच्या ऑफिसात बसनं येणारं कुणी नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या बस आम्ही आखतो. कुठून सुटायच्या, कुठं थांबायच्या, किती वाजता परतायच्या, सगळं आमच्या दोन खोल्यांत ठरतं आणि संध्याकाळी आम्ही आपापल्या गाड्या काढून घरी जातो. मी स्कूटरवाली, साहेब मोटारवाले. फाटकासमोरच बसथांबा आहे, त्यामुळे बाहेर पडताना तिथं ताटकळलेल्या लोकांना वळसा घालावा लागतो. तेही बिचारे सवयीनं बाजूला होतात. आचाऱ्याला स्वतःच्या हातचं गोड लागत नाही म्हणतात, तसं काहीतरी असावं.

साहेबांना पाठीमागे सगळे 'सरासरी' म्हणतात. माणूस वाईट नाही, पण कुठलीही अडचण पुढ्यात आली की ते आधी ती सगळ्यांत सारखी वाटून बघतात. एकदा माझ्या टेबलावर छत गळत होतं, तर म्हणाले, "एकूण ऑफिस धरलं तर कोरडंच आहे की." मी टेबल सरकवलं. त्यांच्याशी भांडून माझे केस पिकलेत, आणि पिकलेल्या केसांनिशी आता भांडायचाही कंटाळा येतो.

त्या वर्षी वरून येणारं अनुदान कमी आलं. म्हणजे बस चालवायचं कमी आलं, विकत घ्यायचं भरपूर आलं. हे बाहेरच्या माणसाला समजावताना माझी जीभ थकते. बस घेण्याचा पैसा वेगळा, बस चालवण्याचा वेगळा, आणि एकातला दुसऱ्यात घालायचा नाही. त्यामुळे आगारात तीन नव्या कोऱ्या बस सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढता उभ्या होत्या, आणि ड्रायव्हरच्या पगाराला पैसे नाहीत म्हणून जुन्या फेऱ्या बंद करायची वेळ आली होती. आगारातला मिस्त्री रोज सकाळी तिन्ही इंजिनं चालू करायचा, जरा घुरघुरू द्यायचा आणि बंद करायचा, बॅटऱ्या उतरू नयेत म्हणून. दारात बैल बांधायला पैसा आहे, वैरणीला नाही, असा सगळा कारभार.

एक फेरी जाणार हे ठरलेलं होतं. घासाघीस करून कागदावर दोन उरल्या. एक पहाटेची, कारखान्यांकडे जाणारी. दुसरी रात्री आठची, खाणवस्तीला जाणारी. पहाटेची खचाखच भरते. आठची कधी अर्धी, कधी त्याहूनही रिकामी. शिवाय प्रत्येक गावानं फेरीच्या खर्चात आपला हिस्सा घालायचा असतो. कारखान्यांकडचं गाव तो घालतं. खाणवस्ती खाण बंद पडल्यापासून फक्त विनंतीची पत्रं घालते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हिशेब मी मांडला, पुन्हा मांडला, मग खालून वर मांडला. उत्तर तेच. कुठंतरी माझी चूक सापडावी म्हणून मी जितकी शोधाशोध केली, तितकी शाळेतसुद्धा केली नव्हती.

कारण खाणवस्तीत माझे बाबा राहतात.

बाबा आणि वहिनी. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. खाण चालू होती तेव्हा त्याच रस्त्यावर, अंधारात, मोटारसायकलवरून येताना खडीच्या ट्रकनं त्याला उडवलं. त्यानंतर वहिनी माहेरी गेली नाही, दुसरं लग्न केलं नाही, आणि दुचाकीवर बसली नाही. सासऱ्यांजवळ राहिली. लोक म्हणाले, मुलीसारखं करते. मला ते ऐकून बोचायचं, कारण मुलगी मी होते आणि मी शहरात, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दोन खोल्या घेऊन बसले होते. वहिनी वयानं माझ्याएवढीच. मला अजून 'वन्सं' म्हणते. त्यात अर्धा मान असतो आणि अर्धी थट्टा.

ती शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात काम करते. चादरी, पडदे, डॉक्टरांचे कपडे, सगळं वाफेच्या यंत्रांतून काढायचं, घड्या घालायच्या. दुपारची पाळी. सकाळची पाळी जुन्या बायकांची, त्यातली एखादी निवृत्त होईल तेव्हा मिळणार. साडेसातला सुटायचं आणि आठच्या बसनं घरी. तोवर शेजारच्या काकू बाबांजवळ बसतात. बाबांच्या छातीत खाणीची धूळ आहे आणि गुडघ्यांत काही म्हणजे काही उरलेलं नाही. घराचा उंबरा तेवढा कसाबसा ओलांडतात. पण त्या उंबऱ्याबाहेर त्यांची खुर्ची आहे आणि खुर्चीसमोर रस्ता. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हटकायचं, त्याच्या बैलाची, बायकोची, बकरीची चौकशी करायची, हाच त्यांचा दिवस. डॉक्टर म्हणतात औषधानं जगतायत. मला विचाराल तर खुर्चीनं.

म्हणजे आठची फेरी गेली की वहिनीपुढं दोनच वाटा. नोकरी सोडायची, नाहीतर बाबांना सोडायचं. मला हे फेरी बंद करायचा प्रस्ताव टाइप करतानाही माहीत होतं. प्रत्येक ओळ टाइप करताना माहीत होतं.

रविवारी गेले तेव्हा मी वहिनीला सांगून टाकलं. ती भांडी घासत होती. हात थांबले नाहीत.

"मग आता?" तिनं विचारलं.

"आता सुनावणी. मंडळाच्या सातही सदस्यांसमोर. लोकांनी येऊन आक्षेप घ्यायचा. भरपूर आक्षेप आले तर मंडळ प्रस्ताव परत पाठवू शकतं. मग दुसरीकडून थोडं थोडं कापून बघता येतं."

"सुनावणी कधी असते तुमची?"

"दुपारी तीनला."

वहिनी हसली. "तीनला कोण येणार, वन्सं? पेन्शनवाले आणि मांजरं. ज्याला बस लागते तो तीनला कामावर असतो. तुम्ही बसवाले ना, लोकांचं ऐकायचं म्हणून कान उघडता, तेही लोक कामावर गेले की मग."

"आम्ही नियमानं—"

"नियम राहू दे. संध्याकाळी ठेवा. अख्खी वस्ती आणते."

बाहेरून बाबा ओरडले, "मलाही न्या! मी बोलतो त्यांच्याशी!"

"तुम्ही बोललात तर फेरी जाईल ती जाईल, रस्तापण काढून नेतील," वहिनी म्हणाली.

सोमवारी मी सरासरींच्या टेबलाशी उभी राहिले. बऱ्याच दिवसांनी भांडले. सुनावणी तीनला असते तेव्हा कुणी येत नाही, पाव तासात आटपते, 'आक्षेप नाही' असं लिहून आपण मोकळे होतो, ही शुद्ध फसवणूक आहे, असं सगळं बोलले. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, संध्याकाळी सभागृहाचे दिवे, पहारेकऱ्याची जादा ड्यूटी. मी म्हटलं, किल्ली माझ्याकडे द्या, मी कुलूप लावीन. शेवटी ते म्हणाले, "ठेवा सातला. पण नंतर माझ्याकडे यायचं नाही." मी जागेवर परत आले तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. नोकरीत असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

सूचना छापल्या, प्रत्येक बसच्या काचेवर चिकटवल्या. खाणवस्तीच्या बसमध्ये तर वेळापत्रकाच्या शेजारीच. वर लिहिलेलं, शेवटची फेरी आठ वाजता. खाली लिहिलेलं, सुनावणी सात वाजता. मी स्वतः दोन्ही कागद सरळ लावले, कोपरे दाबले.

वहिनीनं फोनवर विचारलं, "आठच्या आत होईल ना सगळं?"

"होईल ग. कधी पाव तासाच्या वर गेलेली नाही."

पाव तासाच्या वर गेली नव्हती, कारण कधी कुणी आलंच नव्हतं. लोक यावेत म्हणून मी वेळ बदलली, आणि लोक आले तर वेळ लागेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. जिल्ह्यातली प्रत्येक बस किती वाजता कुठं असते हे झोपेत सांगणारी बाई मी. पण त्या संध्याकाळी माझी स्कूटर खाली उभी असणार होती, तेव्हा आठ वाजता काय होतं याचा विचार मला कशाला करावा लागतोय?

सुनावणीच्या दिवशी सभागृह साडेसहालाच भरायला लागलं. माझा आनंद पोटात मावेना. सात सदस्य उंच टेबलामागं, मध्ये अध्यक्ष, बाजूला सरासरी. मी खाली छोट्या टेबलाशी. येणाऱ्याला नंबरचा बिल्ला द्यायचा आणि पाळी आली की पुकारायचं, हे माझं काम. आधी आले ते शहरातले, गाडीवाले. सात वाजता सोयीचं पडलं म्हणून आले होते आणि तोंड भरून मला तसं सांगतही होते. खाणवस्तीची माणसं बसनं यायची होती. बस सव्वासातला शहरात पोचते, आणि तीच आठला परत फिरते. ती माणसं आत शिरली तेव्हा पहिले बारा बिल्ले संपले होते. मी त्यांना तेरापासून पुढचे दिले. वहिनी पाळीतून अर्धा तास बदलून धुलाईघरातून पळत आली. तिला एकोणीस नंबर मिळाला. केस घामानं कपाळाला चिकटलेले, हात वाफेनं पांढरे पडलेले. तिच्यामागून शेजारच्या काकूही आल्या.

"काकू, तुम्ही इथं? मग बाबांजवळ?" मी विचारलं.

"त्यांनीच हाकललं," काकू म्हणाल्या. "म्हणाले, माझ्याजवळ बसून काय होतंय, तिकडं जाऊन माणसं वाढवा. कंदील लावलाय, पाणी जवळ ठेवलंय. आठच्या बसनं जातोच आहोत."

भिंतीवरचं घड्याळ मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

पहिल्या नंबरचे गृहस्थ आपल्या दुकानासमोरचा थांबा शेजारच्या दुकानासमोर नेण्याबद्दल बोलले. दुसरा नंबर शेजारच्या दुकानदाराचा होता. तिसऱ्या बाईंना थांब्यावरच्या बाकाला पाठ हवी होती. एकाला बसचा रंग खटकत होता. प्रत्येकाला तीन मिनिटं असा नियम आहे, पण आठव्या नंबरला अध्यक्षांचे जुने शिक्षक उभे राहिले. त्यांनी घोडागाडीच्या काळापासून सुरुवात केली. अध्यक्ष हात जोडल्यासारखे बसून राहिले. ज्यानं लहानपणी कान पिळलाय त्याच्यापुढं वेळ संपल्याची घंटा कोण वाजवणार?

गुरुजी लोखंडी पुलापर्यंत पोचले तेव्हा मी उठून सरासरींच्या कानाशी गेले. "साहेब, खाणवस्तीवाल्यांना आधी घेऊ. त्यांची बस आहे."

"कुठली बस?"

"आठची. जी बंद करायचीय ती."

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. त्यांनाही ते तेव्हाच कळलं, हे मी शपथेवर सांगते. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले, "क्रम बदलता येत नाही. उद्या कुणी कोर्टात गेलं तर सगळी सुनावणी रद्द होईल."

"रद्द झाली तर बरंच की."

"हळू बोला."

मी अध्यक्षांकडं चिठ्ठी सरकवली. त्यांनी ती वाचून गुरुजींचं झाल्यावर सभेला विचारलं की, क्रम बदलायला कुणाची हरकत आहे का? नवव्या नंबरचे गृहस्थ उभे राहिले. म्हणाले, मीही ऑफिसातून थेट आलोय, मलाही घरदार आहे. दहाव्यानं मान हलवली. मग हरकत घेता येते की नाही यावर दोन सदस्यांत चर्चा झाली. ती संपेपर्यंत आठला पाच कमी होते, आणि दारात ड्रायव्हरमामा येऊन उभे राहिले.

मामा त्या मार्गावर इतकी वर्षं आहेत की वस्तीतली पोरं त्यांना खरोखरचा मामा समजतात. टोपी हातात घेऊन ते हळूच म्हणाले, "मंडळी, गाडी चालू करतोय."

"मामा, थोडं थांबवा ना," मी म्हटलं.

"थांबवीन की, ताई. पाचदहा मिनिटं थांबवीन, बोलणी खाईन. पण त्याच्या पुढं माझे चाकावरचे तास संपतात, मग गाडी इथंच लावून चावी द्यावी लागेल. तुमचाच नियम आहे." ते हे टोचून म्हणाले नाहीत. टोचून म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

मामांनी खरंच थांबवली. पाळी अकराव्या नंबरपर्यंत आली. मग बाहेरून इंजिनाचा आवाज बदलला आणि खाणवस्तीची माणसं एकेक करून उठायला लागली. कुणी चिडलं नाही, कुणी घोषणा दिली नाही. पिशव्या गोळा केल्या, झोपलेलं पोर खांद्यावर घेतलं, आणि लोकांच्या गुडघ्यांना धक्का लागू नये म्हणून तिरके होत बाहेर निघाले. जाताना बिल्ले माझ्या टेबलावर नीट ठेवले. मला त्या शहाणपणाचा भयंकर राग आला. आरडाओरडा करा की! खुर्च्या फेका! पण शेवटची बस गाठायची सवय असलेल्या माणसाला आरडाओरडा परवडत नाही.

वहिनी टेबलाशी आली. मी तिचा हात धरला. "तू थांब. तुझं एकटीचं तरी होऊ दे. मी सोडते तुला."

"कशावरून?"

खाली माझी स्कूटर होती.

"त्या रस्त्यानं, अंधारात, मी बसायची नाही, वन्सं. आणि तुम्हालाही जाऊ द्यायची नाही." ती हळू आवाजात बोलत होती. "बाबा एकटे आहेत. काकू चालल्या आणि मी इथं राहिले, हे कळलं तर रात्रभर माझी वाट बघत बसतील. एकदा बघितलीय त्यांनी अशी कुणाची तरी वाट. तुम्हीच बोला ना माझ्या जागी."

"मला नाही बोलता येत. मी टेबलाच्या या बाजूची."

"हो, तेही खरंच," ती म्हणाली, आणि एकोणीस नंबर ठेवून गेली.

बाराव्याचं झाल्यावर तेरा नंबर मी पुकारला. नियम असा की तीनदा पुकारायचं, कुणी उठलं नाही तर 'अनुपस्थित' लिहायचं आणि पुढं जायचं. तेरा, तेरा, तेरा. चौदा, चौदा, चौदा. अर्ध्या रिकाम्या सभागृहात माझा आवाज भांड्यात चमचा आपटावा तसा येत होता. अध्यक्षांनी मध्येच विचारलं, "सगळे कुठे गेले?" सरासरी म्हणाले, "निघून गेले." तेही खोटं नव्हतं.

"एकोणीस," मी म्हटलं. "एकोणीस." मग तिसऱ्यांदा माझ्या तोंडून नंबर निघेना. मी उभी राहिले.

"एकोणीस नंबर माझी वहिनी आहे. ती आत्ता आठच्या बसमध्ये आहे. तेरापासूनचे सगळे त्याच बसमध्ये आहेत. त्यांना आक्षेप आहे. ते आक्षेप घ्यायलाच आले होते, आणि थांबले असते तर रात्रभर याच सभागृहात झोपावं लागलं असतं. ही वेळ मी ठरवली. माझी अक्कल गहाण पडली होती. यांना गैरहजर लिहू नका."

कुणी खोकलं. अध्यक्षांनी चष्मा काढला. भला माणूस आहे, त्यांचा आवाज खरोखर मऊ झाला. "बाई, तुमच्या भावना कळतात. पण आपण कर्मचारी आहात."

"कर्मचाऱ्याचा आक्षेप नोंदवता येत नाही," सरासरी टेबलाकडं बघत म्हणाले.

"पुन्हा सुनावणी ठेवा मग."

"वर्षअखेरच्या आत निर्णय नाही गेला तर पहाटेचीही फेरी जाते. हे तुम्हीच प्रस्तावात लिहिलंय."

लिहिलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात, ठळक अक्षरांत. मी खाली बसले. मतदान झालं. सहा हात वर गेले. सातव्या सदस्याला डुलकी लागली होती, त्यांना हलवल्यावर त्यांचाही गेला.

सभागृहाला कुलूप लावून पायऱ्यांवर बसले तेव्हा वहिनीचा फोन आला. मागं बसचा खडखडाट आणि माणसांचा गलका.

"वन्सं, आज बस काय भरलीय! उभं राहायलासुद्धा जागा नाही. मामा म्हणतायत रोज अशी असती तर कुणाची हिंमत झाली असती?" मग तिनं विचारलं, "झालं का?"

"झालं."

"बरं," ती म्हणाली. "जेवून घ्या तुम्ही."

मला वाटलं होतं ती नोकरी सोडेल. खरं सांगायचं तर मी तेच धरून चालले होते. बायकांच्या बाबतीत आपण सगळेच तसं धरून चालतो, बाई असलो तरी. पण पुढच्या रविवारी तिनं मला ओट्याशी बसवलं आणि भांडी बाजूला ठेवून बोलली. ती भांडी बाजूला ठेवून बोलते तेव्हा ठरवलेलं असतं.

"रुग्णालयाच्या आवारात बायकांसाठी खोली आहे. तिघींत एक. मेट्रन मला घ्यायला तयार आहे. मी तिकडं राहणार."

"आणि बाबा?"

"बाबांना तुम्ही न्या."

"वहिनी, चार मजले आहेत."

"माहितीय." तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "तुमचा भाऊ गेला तेव्हापासून मी इथं आहे. कुणी ठेवलं म्हणून नाही राहिले, मला राहायचं होतं. बाबांनी मला कधी परकी नाही म्हटलं. पण ती नोकरी तेवढी माझी आहे, वन्सं. त्या नोकरीत मी कुणाची सून नाही, कुणाची विधवा नाही. ती मी सोडणार नाही. तुम्ही म्हणाल मी वाईट."

मी तसं म्हटलं नाही. मी इथं राहायला येते, रोज स्कूटरनं जाईन, असं म्हणून पाहिलं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की वाक्य अर्ध्यातच गिळलं. आता संध्याकाळची शेवटची बस चारची होती, आणि चारला सुटणारी नोकरी मला कोण देतं? ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. मला जरा उशिराच कळलं.

बाबांना बाहेर सगळं ऐकू जात होतं. ते म्हणाले, "हिची नोकरी जाऊ देऊ नका. मला काय, खुर्ची ठेवाल तिथं बसेन."

महिना संपायच्या आत त्यांना हलवलं. मामांनी दुपारच्या बसमध्ये पुढची सीट राखून ठेवली आणि वस्तीतली तीन तरणी माणसं बरोबर दिली. बाबा वाटेत खुशीत होते. खिडकीतून प्रत्येक वळणाला इथं काय होतं नि तिथं कोण राहायचं ते सांगत होते. दादा गेला त्या वळणाला गप्प झाले, पुढं पुन्हा सुरू झाले.

माझ्या इमारतीशी त्यांना खुर्चीत बसवलं. मामा आणि ती तिघं, चार पायांना चौघं. मी पुढं, वहिनी मागं पिशव्या घेऊन. दुसऱ्या मजल्यावर सगळ्यांनी दम खाल्ला. तिसऱ्यावर एका शेजाऱ्यानं दार उघडून पाहिलं आणि लावून घेतलं. चौथ्यावर पोचलो तेव्हा मामांच्या शर्टाचं पाणी पाणी झालं होतं. खुर्ची मी खिडकीशी ठेवायला सांगितली. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि वाकून पाहिलं तर रस्त्याचा एक तुकडा. बाबांना वाकता येत नाही, हे खुर्ची ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं.

माणसं पाणी पिऊन निघाली, त्यांना चारची गाठायची होती. बाबांनी प्रत्येकाचा हात हातात घेतला. दार लागलं, जिन्यावरची पावलं खाली खाली जात बंद झाली. बाबा भिंतीकडं बघत होते.

"चौघं लागली वर यायला," ते म्हणाले. "खाली जातानाही चौघंच लागतील म्हणा. एकदाच."

"बाबा, अभद्र बोलू नका," वहिनी म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं नळ सोडला. नळाखाली काहीच भांडं नव्हतं.

मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. लहानपणानंतर पहिल्यांदाच. मला त्यांना सांगायचं होतं की मी हिशेब खालून वर मांडून पाहिला होता. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "इथून खाली कोण कोण जातं ग, काही दिसतं का?"

मी उठले, खिडकीतून वाकले, आणि रस्त्यानं जाणारी माणसं त्यांना एकेक करून सांगायला लागले.